सातबारा नसलेलं रान

अण्णांना कुठलीही जमीन दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न मालकाचा असतो. मग पाणी किती फुटांवर लागतं, आणि मग माती. 2019 चा एप्रिल होता. कॅलिफोर्नियातल्या टेम्बलरच्या डोंगरांतून वळणं घेत आम्ही खाली उतरत होतो आणि समोर कारीझोचं मैदान उघडत होतं. उतारांवर हळदीची पोती फुटल्यासारखा पिवळा रंग सांडलेला, त्यात मधेच जांभळे पट्टे. आई, माझी बायको आणि मी, तिघंही गप्प झालो होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून अण्णांचा आवाज आला, "हे समदं कुणाचं रं?"

"सरकारचं," मी म्हणालो. "म्हणजे सगळ्यांचं."

"सरकारचं का सगळ्यांचं? एक काय ते सांग."

मला तेव्हा एक काय ते सांगता आलं नाही. पुढचे दोन दिवस आम्ही त्या रानात राहिलो, आणि अण्णा तोच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारत राहिले.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याकडून येणाऱ्या आईवडिलांना आपण गोल्डन गेट दाखवतो, योसेमिटी दाखवतो, जमलं तर समुद्राकाठचा तो एक नंबरचा हायवे. तेही दाखवावंच. पण मला अण्णांना कारीझो दाखवायचं होतं, कारण पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला घरची आठवण आली होती. आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं, कास येतं. आमचा सातारा पूर्वेचा, पावसाकडे पाठ असलेला. शाळू, मटकी, हुलगा, उघडेबोडके माळ आणि त्यावर धनगरांची मेंढरं. कारीझोही पावसाच्या आडोशातलंच, दोन डोंगररांगांच्या मधलं कोरडं मैदान. लॉस एंजेलिसच्या वायव्येला, आमच्या फ्रीमाँटहून साडेचार-पाच तासांवर. मैदानाच्या मधोमध सोडा लेक नावाचं तळं आहे. त्यात येणारं पाणी कुठेच बाहेर जात नाही, तिथेच आटतं आणि मागे पांढरं मीठ ठेवून जातं. वर्षातले बरेच महिने बघणाऱ्याला इथे काही दिसत नाही. पाऊस चांगला झाला की मात्र मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे ही जमीन असं फुलते की डोळ्यांत मावत नाही.

अण्णांचा प्रश्न समजायचा तर त्यांचं आयुष्य समजायला हवं. आमची अकरा एकर जिराईत. त्यातल्या एका बांधावरून चुलतभावाशी सतरा वर्षं कोर्टात दावा चालला. दर नांगरटीला वीतभर बांध कोरला जायचा, दर वर्षी तक्रार, मोजणीचा अर्ज, मोजणीवाले येणार म्हणून दिवसभर रानात थांबणं, ते न येणं. माझ्या लहानपणीची अण्णांची सगळ्यात ठळक आठवण म्हणजे पायजम्याच्या खिशातली प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात चौघडी घातलेला सातबारा. कापड दुकानात, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे ती पिशवी बरोबर. गावाला गायरान होतं, अण्णांनी पोरवयात तिथे शेळ्या वळल्या होत्या. मी शाळेत जाईपर्यंत त्या गायरानाचं नाव तेवढं उरलं होतं. ज्याच्या कडेला ज्याचं शेत, त्याने आपापल्या बाजूने ते आत ओढलं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही ते दांडग्याचं, हे अण्णांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून माझं "सगळ्यांचं" त्यांना पटेना.

मी आकडे सांगून बघितले. कॅलिफोर्नियातली 45 टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्र सरकारकडे आहे. त्यात नॅशनल पार्क आले, नॅशनल फॉरेस्ट आले, आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडची सुमारे दीड कोटी एकर आली. या ब्युरोला इथे सगळे बीएलएम म्हणतात. पार्कांसारखं त्याचं नाव कुणाच्या टी-शर्टवर दिसत नाही. कुणालाच नको होती ती उरलेली जमीन, वाळवंटं, माळ, उघडे डोंगर, त्याच्याकडे आली. 1976 साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून ठरवलं की ही उरलेली जमीन यापुढे सरसकट वाटून-विकून टाकायची नाही, राखायची. कारीझोची सुमारे अडीच लाख एकर 2001 च्या जानेवारीत नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे राखीव राष्ट्रीय जागा, म्हणून जाहीर झाली आणि तिची देखभाल मुख्यत: बीएलएमकडे आली.

"अडीच लाख एकर," अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

केसीएल नावाच्या कॅम्पग्राउंडवर आम्ही तंबू ठोकला. जुन्या एका गुरांच्या रँचची जागा, निलगिरीची मोठी झाडं, काही लाकडी बाकं, एक साधं शौचालय. पिण्याचं पाणी नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. भाडं नाही, बुकिंग नाही. जागा रिकामी असेल तर राहायचं. आम्ही मुद्दाम शुक्रवार टाळून आदल्या दिवशीच पोचलो होतो, कारण बहराच्या दिवसांत शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. फलकावर नियम लिहिले होते. त्यातला राहण्याच्या मुदतीचा नियम मी अण्णांना वाचून दाखवला: सलग 14 दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही.

"कुणालाच?"

"कुणालाच."

"हितल्या माणसालापण?"

"इथल्यालापण."

हे ऐकून अण्णांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. मला मात्र त्या नियमापाशी थांबावं लागलं. मी तेव्हा या देशात दहा वर्षं राहत होतो, व्हिसावर. प्रत्येक खिडकीवर माझे कागद आधी आणि मी नंतर. घर भाड्याने घेताना, लायसन्सचं नूतनीकरण करताना, गावाहून परत येताना विमानतळावर, सगळीकडे मी किती दिवसांचा आहे हे कुणीतरी तपासायचं. अण्णांच्याही पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का होता. आणि इथे हा फलक: इथे जन्मलेला असो, कालच उतरलेला असो, जमीनदार असो, बेघर असो, मुक्काम चौदा दिवसांचा. उघड्यावर गॅसची शेगडी पेटवायलाही इथे कॅम्पफायर परमिट लागतं. ते फुकट मिळतं. घरी बसून काही मिनिटांत आगीची माहिती वाचायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची, कागद छापून घ्यायचा. त्या कागदाने मला एवढंच विचारलं होतं, की तुला आग नीट विझवता येते का. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. संत्र्याची सालं तिने सवयीने झाडाखाली टाकली तेव्हा मी म्हणालो, आई, इथे कचऱ्याचा डबा नाही, आपण आणलेलं सगळं आपणच परत न्यायचं. "सालंपण? ती तर कुजतील." या कोरड्या हवेत ती लवकर कुजत नाहीत, म्हटल्यावर तिने एकेक साल वेचून पिशवीत भरली. दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्यांची सालंपण वेचली.

आईचं लक्ष फुलांकडे होतं. मैदानावर गोल्डफील्ड्स आणि टायडी टिप्सचा गालिचा, डोंगरांवर हिलसाइड डेझी, त्यांच्यामधून फॅसेलियाचा जांभळा. लांबून ते रंगाचे डोंगर दिसतात; आईने मात्र खाली बसून एकेक रोपटं पाहिलं. फिडलनेक नावाचं एक नारिंगी-पिवळं फूल आहे. त्याचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, आणि जसजशा खालच्या कळ्या फुलतात तसतशी ती नांगी उलगडत जाते. अंगभर बारीक कुसं, बोटाला टोचणारी. "ही तर आपली भुरुंडी," आई म्हणाली, "फक्त रंग वेगळा." मी नंतर शोधून पाहिलं. दोन्ही झाडं एकाच कुळातली निघाली. वनस्पतिशास्त्राचं एक अक्षर न शिकलेल्या माझ्या आईने ते वळणावरून ओळखलं होतं.

फुलांच्या मधे मधे मला गोल गोल दबलेल्या जागा दिसत होत्या, माणूस आडवा झाल्यावर होते तेवढ्या. फोटोसाठी लोक आत जाऊन झोपतात. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिणेला लेक एल्सिनोरच्या पॉपीच्या टेकड्यांवर इतकी माणसं लोटली की शहराला रस्ते बंद करावे लागले. इथे तेवढी गर्दी नव्हती, पण खुणा त्याच. अण्णांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, "गुरं बसल्यागत केलंय." दाण्यात आलेल्या पिकातून कुणी चालत गेलं तर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, तेच आलं. मला त्यांचा तो राग फार जवळचा वाटला. या फुलांचं बी जमिनीत पडून राहतं, वर्षानुवर्षं, चांगल्या पावसाची वाट बघत. बी धरायच्या आधीच फूल चिरडलं तर त्या जागेचं पुढचं बेणं बुडालं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग ते खळं सापडलं.

तंबूपासून थोडं दूर, पायवाटेच्या कडेला गवत वेगळंच हिरवं होतं, साधारण एका खोलीएवढ्या वर्तुळात. त्यात बिळं. एका बिळाच्या तोंडाशी गवताची कणसं, देठासकट बरोबर कापलेली, एकावर एक रचून उन्हात वाळत घातलेली. अण्णा उकिडवे बसले. हात न लावता, मान वाकडी करून त्यांनी ती रास सगळ्या बाजूंनी बघितली.

"कापणी झालीया," ते म्हणाले. "हे खळं हाय."

ते खरंच खळं होतं. जायंट कांगारू रॅट नावाचा एक उंदीर तिथे राहतो. मागच्या पायांवर उड्या मारत चालतो, म्हणून कांगारू. 1987 पासून तो सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि त्याच्या उरल्यासुरल्या वस्तीतला मोठा हिस्सा या मैदानात आहे. वसंतात तो कणसं कापतो, बिळाशी वाळवतो, आणि वाळलेलं बी जमिनीखालच्या कोठीत भरतो. पाणी पिण्यावाचून त्याचं अडत नाही. जे लागतं ते बियांतूनच निघतं. सतत उकरल्याने आणि खताने त्याच्या बिळांवरची माती भुसभुशीत होते, म्हणून तिथलं गवत जास्त हिरवं. त्याच्या जिवावर तिथे खोकड जगतं, घुबडं जगतात, त्याच्या बिळांत सरडे आसरा घेतात.

"खाली भरतंय? मग पेव हाय की ते," अण्णा म्हणाले.

आणि मग त्यांनी त्यांच्या आजोबांच्या वाड्यातल्या पेवाची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. अंगणात खाली खोल, घड्यासारखं पोट आणि अरुंद तोंड, आतून शेणामातीने सारवलेलं, कडबा अंथरून शाळू भरलेला. दुष्काळात उघडायचं. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला, तर आत वाईट हवा आहे. 1972 च्या दुष्काळात ते पेव उघडलं तेव्हा कंदील अण्णांच्या हातात होता. हे सगळं ते एका परदेशी उंदराच्या बिळाशी बसून सांगत होते. ऊन कलत होतं आणि आई गाडीपाशी उभी राहून हाका मारत होती, "अहो, चहा!"

रात्री चंद्र नव्हता. अण्णांनी आकाशगंगा दाखवायला बोट वर केलं आणि तसंच ठेवलं. आमच्या गावात आता हायमास्ट दिवा आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वॉलेस क्रीकला गेलो. मैदानाच्या पूर्वेच्या कडेने, टेम्बलरच्या पायथ्यापासून, सॅन अँड्रियास भ्रंश जातो. टेम्बलर या स्पॅनिश शब्दाचा अर्थच भूकंप. जमिनीतली ही चीर इतर बऱ्याच ठिकाणी घरांखाली, रस्त्यांखाली, झाडीखाली लपलेली आहे. इथे ती उघडी आहे. डोंगरातून एक ओढा सरळ खाली येतो, भ्रंशाशी पोचल्यावर काटकोनात वळतो, सुमारे 130 मीटर भ्रंशाला धरून जातो आणि मग पुन्हा वळून मैदानात उतरतो. ओढा आधी सरळच होता. त्याच्या खालची जमीन सरकली. पलीकडची बाजू वायव्येकडे जाते आहे, सरासरी वर्षाला साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. ती रोज थोडी थोडी जात नाही. वर्षानुवर्षं अडून राहते आणि मग एका भूकंपात काही मीटर उडी घेते. इथे शेवटची मोठी उडी 9 जानेवारी 1857 ला झाली. ओढ्याला एवढा वळसा पडायला सुमारे 3,700 वर्षं लागली.

मी हे सगळं माहिती-फलकावर वाचून मराठीत सांगत होतो. अण्णा ऐकत ऐकत चालायला लागले. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत, मोठाल्या मोजक्या टांगा टाकत, ओठांत आकडे मोजत. शेत असंच मोजतात ते, अजूनही. परत आले तेव्हा त्यांचा आकडा फलकाच्या आकड्याशी जवळजवळ जुळत होता.

मग ते ओढ्याच्या काठावर बसले. "सदुसष्टला," ते म्हणाले, "पहाटं." 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे. आमचं गाव कोयनेपासून लांब, तरी घरातली उतरंड कोसळली आणि मडक्यांतलं धान्य घरभर झालं. कित्येक दिवस सगळा गाव अंगणात झोपत होता. ते थोडा वेळ थांबले. "बांधासाठी सतरा वर्षं घालवली रं मी," ते म्हणाले. एवढंच. मी काही बोललो नाही. समोर जमिनीनेच आपला बांध एकशेतीस मीटर पलीकडे नेऊन ठेवला होता.

परतीच्या वाटेवर कॅलिफोर्निया व्हॅली लागते. मॉन्युमेंटच्या उत्तरेला लागूनच. 1960 च्या दशकात इथे अडीच अडीच एकराचे हजारो प्लॉट पाडून विकले गेले. पाण्याचा पत्ता नाही. बहुतेक प्लॉट आजही मोकळे, मधे एखादं घर, एखादा ट्रेलर, वाऱ्यावर वाजणारा पत्रा. मैदानाचा बाकीचा भागही याच वाटेने जाऊ शकला असता. 1988 मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने इथली 82,000 एकर विकत घेतली, सरकारी खाती त्यात सामील झाली, आणि ती जमीन राखायची असं ठरलं.

"पैसं देऊन घेतली, आन् मोकळी सोडली?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"भूदान म्हणायचं," ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी विनोबांचं नाव गावागावात पोचलेलं होतं.

तरी अण्णांचा एक प्रश्न बाकी होता, आणि तो सगळ्यात अवघड होता. याच्या आधी कुणाचं होतं? मैदानाच्या नैर्ऋत्येला पेंटेड रॉक नावाचा वाळूखडकाचा मोठा घोड्याच्या नालासारखा आकार उभा आहे. त्याच्या आतल्या भिंतींवर चुमाश आणि योकुट्स या इथल्या मूळ रहिवाशांनी लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांत काढलेली चित्रं आहेत. ती आजही त्यांची पूजेची जागा आहे. गेल्या शतकात तिथे येणाऱ्यांनी चित्रांवर नावं कोरली, गोळ्या झाडल्या. आता वसंतात तिथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही, आणि आम्हाला जागा मिळाली नव्हती. आम्ही लांबूनच पाहिला. आमच्याकडे माळावर बिरोबाचं ठाणं असतं, त्याच्या आसपासच्या झाडाची काडीही कुणी मोडत नाही. अण्णांनी लांबूनच हात जोडले. "सगळ्यांचं" म्हणताना मी ज्यांना मोजलं नव्हतं, त्यांना त्यांनी आधी मोजलं.

त्या सहलीनंतर मी कारीझोला बऱ्याचदा गेलो, आणि या जमिनींच्या बातम्याही डोळे लावून वाचायला लागलो. 2017 मध्ये ज्या मॉन्युमेंटांचा फेरविचार सरकारने सुरू केला होता त्यांत कारीझोचं नाव होतं. ते तेव्हा आहे तसं राहिलं. 2025 च्या जूनमध्ये सिनेटमध्ये पश्चिमेकडच्या 11 राज्यांतली वीस लाख एकरांहून जास्त सार्वजनिक जमीन विकायला काढण्याची तरतूद आली. मॉन्युमेंटांना त्यातून वगळलं होतं, पण मला झोप लागेना. गायरान कसं जातं ते मी लहानपणी पाहिलंय. पण या वेळी शिकारी, मासेमार, गुरं चारणारे, डोंगर चढणारे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एकत्र ओरडले, आणि महिना संपायच्या आत ती तरतूद मागे घेतली गेली. मला इथे मतदानाचा हक्क नाही, खासदाराला लिहिलेल्या माझ्या पत्राचं वजन किती कोण जाणे. मी लिहिलं. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या येळंला असं कुणी ओरडलं न्हाई."

त्याच ऑगस्टमध्ये मी एकटा तिथे जाऊन आलो. फुलांचा मागमूस नव्हता. सोडा लेक पांढराशुभ्र, कोरडा, पापड फुटल्यासारखा. गवत तांबूस, वाळून कडकडीत, आणि ऊन असं की दुपारभर गाडीच्या सावलीत बसून राहिलो. एकही माणूस दिसला नाही. संध्याकाळी लांबवर प्राँगहॉर्न नावाच्या हरणासारख्या प्राण्यांचा एक छोटा कळप गेला, पांढरे पुठ्ठे हलवत. एकेकाळी इथून नाहीसे झालेले ते प्राणी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परत आणून सोडले, आणि ते टिकले. परत येताना डोंगर ओलांडला, मकिट्रिकच्या तेलाच्या पंपांपाशी रेंज आली आणि मी गावी फोन लावला. तिकडे सकाळ होती. अण्णा शेतावर निघाले होते.

"काय हाय आता तिथं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही अण्णा. नुसतं वाळलेलं गवत."

"आन् त्या उंदरांची पेवं? भरली का?"